विहिरीतल्या पांढऱ्या शिरा, कॅनडातला शेअर आणि 'टनाला ९० ग्रॅम' सोने

मुसळगावकर

मंडळी, दोन गोष्टी एकाच धाग्यात घालतोय, कारण माझ्या डोक्यात त्या एकमेकींत गुंतल्या आहेत.

पहिली. गेल्या महिन्यात सिन्नर तालुक्यातल्या आमच्या रानातली विहीर खोल करायला काढली. सहा परसांखाली मांजऱ्या, म्हणजे वरचा मऊ खडक, संपून काळा पाषाण लागला. सुरुंग उडवल्यावर यारीतून जो माल वर आला त्यात पांढऱ्या शिरा. बोटभर जाड, मध्येच पोकळ्या आणि पोकळीत मधासारखे पिवळे चमकणारे खडे. यारीवाला म्हणाला, "काका, सोनं लागलं, पेढे द्या." मी हसण्यावारी नेले, पण डबाभर खडे घरी आणलेच. डबा फ्रीजवर आहे आणि तो तिथे किती दिवस राहणार, हे मला रोज विचारले जाते.

दुसरी. कॉलेज रोडला आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यातल्या एकाचा जावई कॅनडात. त्याने तिकडच्या एका छोट्या कंपनीचे पत्रक पाठवले. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या खडकांत सोन्याचांदीच्या शिरा शोधतायत. ठळक अक्षरांत: "३० मीटरला सरासरी ३.२ ग्रॅम, त्यात १ मीटरला ९० ग्रॅम". खाली एका उचललेल्या दगडात चांदी टनाला १४०० ग्रॅम. शेअर आपल्या पैशांत वीस-बावीस रुपये. तिघे जण पैसे पाठवायच्या तयारीत आहेत. मी पडलो मशीनशॉपचा माणूस. मला मायक्रॉन कळतो, टनाला ग्रॅम कळत नाही.

९० ग्रॅम म्हणजे खरेच घबाड का? पत्रकात 'सुरुवातीच्या टप्प्याचे अन्वेषण' म्हटलेय, म्हणजे नेमके काय करतात? आणि आपला नाशिकचा सगळा दगड ज्वालामुखीचाच, शिराही आहेत, मग इथे कोणी का शोधत नाही?

टिवल्याबावल्या

पहिला नंबर माझा. काका, विहिरीचे लोकेशन टाका, बाकीचे आम्ही बघतो.

दगडवेडी

आधी फोटो टाका! आणि यारीवाल्याला सांगा, पोकळीवाले दगड घणाने फोडू नको. नाशिक-सिन्नरच्या बेसाल्टमध्ये स्टिलबाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट असली रत्ने निघतात. पांडवलेणीजवळच्या खाणींतला पॉवेलाइट परदेशातल्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेला आहे आणि आपल्याकडे लोक त्याची खडी करून रस्त्यावर टाकतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात कधी गेलात का? तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे हो.

तलाठीबुवा

सोने निघालेच, तरी पेढे जपून वाटा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८. जमीन तुमची, पण खालच्या खनिजांवर हक्क शासनाचा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून सोने तुमचे होत नाही.

कोअरबॉक्स

या धंद्यात मी वीस वर्षे काढली. त्यातली बरीच मेक्सिकोच्या डुरांगोत आणि अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, बोअरमधून निघालेला दगड बघण्यात गेली. हल्ली नाशिकरोडला घरी असतो. सवडीने लिहितो, लांबण लागेल.

पत्रकातल्या प्रकाराला एपिथर्मल शिरा म्हणतात. नाव लिंडग्रेन नावाच्या भूवैज्ञानिकाने दिले, शंभर वर्षांपूर्वी. ज्वालामुखीच्या मुलखात काही किलोमीटर खाली मॅग्मा असतो. पावसाचे पाणी मुरून खाली जाते, तापते, मॅग्मातून सुटलेले वायू त्यात मिसळतात आणि ते भेगांतून परत वर यायला लागते. त्या पाण्यात गंधक असते. सोने एरवी पाण्यात सहजी विरघळत नाही, पण गंधकाचा हात धरून ते पाण्यातून प्रवास करते.

आता कुकर आठवा. आत पाणी शंभरच्या वर तापलेले, तरी दाबामुळे उकळत नाही. जमिनीखाली तोच प्रकार. २५० अंशांचे पाणी साधारण ४५० मीटर खोलीपर्यंत वरच्या पाण्याच्या वजनाखाली गप्प असते. त्याच्या वर आले किंवा भूकंपाने भेग फाकली की दाब कमी होतो, पाणी खदखदून उकळते आणि गंधकाचा वायू, तोच सडक्या अंड्याचा वासवाला, वाफेबरोबर निसटतो. हात सुटला की सोने जागच्या जागी खाली बसते. बरोबर सिलिकाही बसते, तिची गारगोटी होते. भेग बुजते. पुन्हा भूकंप, पुन्हा भेग, पुन्हा एक थर. चांगली शीर कापली की चिरोट्यासारखे पदर दिसतात. त्यांतला एखादा केसाएवढा काळा पदर सगळा माल घेऊन बसलेला असतो. जपानी लोक त्याला गिंगुरो म्हणतात. बाकीचे पांढरेशुभ्र पदर नुसते शोभेचे.

म्हणजे सोने शिरेच्या सगळ्या उंचीत नसते. उकळण्याचा जो पट्टा, साधारण दोनतीनशे मीटर उंचीचा, त्याच्या आगेमागे असते. त्याच्या वर पारा, अँटिमनी, आर्सेनिक आणि चिकणमाती. खाली शिसे, जस्त आणि चांदी, मग तेही संपते. लाखो वर्षांत वरची जमीन झिजून गेलेली. आज आपण डोंगरावर उभे राहतो तेव्हा या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर आहोत हे माहीत नसते. सुरुवातीच्या टप्प्यात खरे तर एवढेच शोधायचे असते, मजला कोणता. तिथे सोने सापडले तर आनंद, पण मजला कळल्याशिवाय त्या आनंदाला अर्थ नाही.

माझीच फजिती सांगतो. एका डोंगरावर चार मीटर जाडीची शीर होती, शिरगोळ्यासारखी पांढरी, दोन किलोमीटर सरळ गेलेली. तीन महिने तिच्यावर घालवले. नमुने आले, सगळे जवळपास शून्य. मी अहवालात 'वांझ' लिहिले आणि आम्ही जागा सोडली. पुढे दुसऱ्यांनी त्याच शिरेखाली तिरपा बोअर घेतला आणि दोनशे मीटर खाली त्यांना माल लागला. आम्ही वरच्या मजल्यावर फिरत होतो. आर्सेनिक आणि अँटिमनीचे आकडे माझ्याच तक्त्यात वाढलेले दिसत होते. मी सोन्याच्या रकान्याकडे बघत बसलो.

मुसळगावकर

कोअरबॉक्स साहेब, दंडवत. कुकरमुळे घरातसुद्धा समजावून सांगता आले. पण मजला ओळखतात कसा? बोअर मारूनच ना?

कोअरबॉक्स

बोअर सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात महाग. त्याआधी पाय झिजवायचे.

पहिल्यांदा ओढे. ओढ्याच्या तळचा बारीक गाळ चाळून पिशव्या भरायच्या. पूर्ण पाणलोटाचा निचोड एका पिशवीत येतो. ज्या ओढ्यात आर्सेनिक, अँटिमनी किंवा सोने किंचित जास्त, तो धरून वर चढत जायचे. मग उघड्या पडलेल्या दगडांचे नमुने, मातीचे नमुने ठरावीक अंतरावर, जेसीबीने चर खणून शीर आडवी उघडी करायची आणि छिन्नीने तिच्या आरपार सारख्या रुंदीची खाच पाडून नमुना घ्यायचा. ही आरपार खाच महत्त्वाची, का ते पुढे सांगतो.

शिरेशेजारचा खडक शिजून माती झालेला असतो. ती माती कोणती, हे हातात धरायच्या एका यंत्राने इन्फ्रारेड प्रकाशात कळते. इलाइट दिसली तर पाणी बरेच गरम होते, स्मेक्टाइट असेल तर कोमट. गरमकोमटचा नकाशा काढला की गरम पाणी कुठून वर आले ते समजते. गरम पाण्याने खडकातले मॅग्नेटाइट खाल्लेले असते, म्हणून चुंबकीय नकाशावर तिथे खळगा पडतो. आणि गारगोटीची शीर वीज सहजी जाऊ देत नाही, तेही मोजतात.

याशिवाय डोळे. दगड ओला करून बघायचा (आम्ही सर्रास चाटतो, हसू नका). त्यात पातळ पात्यांसारखे, एकमेकांना छेदणारे कॅल्साइट असेल, किंवा कॅल्साइट गेले पण पात्यांचा साचा गारगोटीत राहिला असेल, तर पाणी तिथेच उकळले होते. हे दिसले की मी दिवसभर उपाशी राहिलो तरी चालायचे.

सराफगल्ली

आमची चौथी पिढी नाशिकच्या सराफ बाजारात भट्टीवर. एक विचारतो. टनाला ३ ग्रॅम म्हणजे हजार किलोत ३ ग्रॅम? अहो, आमच्या कारखान्यातला केर यापेक्षा श्रीमंत असतो! झारेकरी उगाच येतात का? फरशीवरची धूळ, हात धुतल्याचे पाणी, जुनी चटई जाळून राख, सगळे पैसे मोजून नेतात आणि त्यातून सोने काढून संसार चालवतात.

आणि हे ग्रॅम मोजतात कसे? कसोटीवर घासून तर कळणार नाही.

कोअरबॉक्स

सराफगल्ली, तुमच्याच विद्येने! दगडाचे पीठ करायचे, त्यातले ३० किंवा ५० ग्रॅम मोजून मुशीत शिशाच्या भस्माबरोबर वितळवायचे. शिसे सगळे सोनेचांदी गोळा करून तळाशी जाते. मग ते शिसे सच्छिद्र वाटीत तापवायचे, वाटी शिसे पिते आणि मागे एक मणी उरतो. ५० ग्रॅम पिठात टनाला ५ ग्रॅमचा माल असेल तर मण्यातले सोने पाव मिलिग्रॅम, खसखशीच्या दाण्याहून बारीक. चांदी वेगळी करून तो तोलायचा. जगातल्या बहुतेक सोन्याच्या खाणी अजून या जुन्या पद्धतीवर विसंबून आहेत.

झारेकऱ्यांचा केर श्रीमंत हे खरेच. फक्त तो वर्षाला काही पोती निघतो, खाणीला लाखो टन लागतात.

सराफगल्ली

म्हणजे चांदी गाळायची आमच्या आजोबांची रीत. शिसे घालून, हाडांच्या राखेच्या खळग्यात. वडिलांनी ती धुरापायी बंद केली. मला वाटले होते आता सगळे मशीनवर.

पेनीवाला

आता माझ्या प्रांतात या. असल्या कंपन्यांत मी पाच वर्षे पैसे घातले आहेत आणि त्याची फीही भरली आहे, रक्कम विचारू नका. मुसळगावकर, तुमच्या पत्रकाचे गणित करा. बोअरच्या ३० मीटर लांबीला सरासरी ३.२ म्हणजे एकूण ९६. त्यातल्या एका मीटरने ९० खाल्ले. उरले ६, ते २९ मीटरवर पसरवा, ०.२ येतात. म्हणजे ३० मीटर माल नाहीच. १ मीटर माल आहे आणि २९ मीटर साधा दगड, पण वाक्य असे रचले की ३० मीटर डोळ्यांत भरावेत.

कोअरबॉक्स

+१. त्या एका मीटरचेही बघा. बोअर शिरेला तिरपा छेदतो. ३० अंशांच्या कोनात छेदला असेल तर १ मीटर कोअरमध्ये (बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांडीत) शिरेची खरी जाडी अर्धाच मीटर. पत्रकात 'खरी जाडी' असा शब्द आहे का? 'खरी जाडी अजून ठरलेली नाही' असे बारीक अक्षरांत असेल तर ती नवी जागा आहे, त्यात लबाडी असतेच असे नाही. पण मग ९० ग्रॅम ठळक छापायची घाईही नको होती.

आणि उचललेला दगड. माणूस शंभर दगडांतून सगळ्यात चमकणारा उचलतो, तोच प्रयोगशाळेत जातो. १४०० ग्रॅम चांदी त्या दगडात आहे, डोंगरात किती ते त्यावरून कळत नाही. म्हणून ती आरपार खाच. खाच पाडताना छिन्नीला आवडनिवड नसते.

टिवल्याबावल्या

लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि आधारकार्डावरचा फोटो.

मुसळगावकर

म्हणजे एका आकड्यावर भरवसा ठेवूच नये?

कोअरबॉक्स

असेही नाही. जपानात कागोशिमाजवळ हिशिकारी नावाची खाण आहे. १९८१ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने बोअर मारला आणि वीतभर जाडीची अतिश्रीमंत शीर लागली. फक्त वीतभर! १९८५ पासून खाण चालू आहे, टनाला २० ग्रॅमच्या आसपास, बाकी जगात ३ ग्रॅमला लोक खूष होतात. आत इतके गरम पाणी की ते सतत उपसावे लागते. पण तिथे एका बोअरवर कोणी थांबले नाही. पुढचे बोअर शेजारी मारले, त्याच उंचीवर, आणि शीर परत परत लागत गेली. तुमच्या पत्रकात पहिल्या बोअरच्या डावी-उजवीकडे ५० मीटरवर दुसरा बोअर आहे का आणि त्यात काय मिळाले, ते शोधा. शिवाय उभा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखे चित्र, छापलाय का बघा. नुसता वरून काढलेला नकाशा असेल तर मजला कळत नाही.

पेनीवाला

आणि ब्री-एक्स ही कॅनडाचीच कंपनी विसरू नका. इंडोनेशियात बुसांग, बोर्निओचे जंगल. शेअर काही सेंटवरून दोनशे डॉलरच्या वर गेला. १९९७ मध्ये कळले की सोने नमुन्यांत बाहेरून मिसळले होते. नदीतले सोने, कडा झिजून गोल झालेले.

कोअरबॉक्स

त्यातली धंद्यातल्या माणसाला टोचणारी गोष्ट वेगळीच. कोअर करवतीने उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धा पेटीत जपून ठेवतात, कधीही कोणीही येऊन तपासावा. तिथे जवळजवळ अख्खा कोअर दळून टाकत होते. पेटीत मागे तपासण्याजोगे फारसे उरतच नव्हते. यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम आणले. आता पात्रता असलेल्या माणसाचे नाव पत्रकाखाली लागते, आणि नमुन्यांच्या तपासणीवर लक्ष कसे ठेवले, म्हणजे रांगेत मुद्दाम शून्याचे नमुने व आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने घालणे वगैरे, तेही सांगावे लागते.

अभ्यासू_बाळ

मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाशिकला सोने का नाही, यावर कोणी बोलले नाही. वर्गात सांगतात, एपिथर्मल म्हणजे पॅसिफिकच्या कडेचे ज्वालामुखी, जिथे भूकवचाची एक प्लेट दुसरीखाली जाते, तिथे पाणीदार मॅग्मा. दख्खन तसा नाही, म्हणून सोने नाही. पण मग अमेरिकेत उत्तर नेवाडातल्या मिडास आणि स्लीपर या खाणी? तिथल्या श्रीमंत शिरा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आणि त्यांचा संबंध यलोस्टोनच्या हॉटस्पॉटशी (पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या झोताशी), त्याच काळात कोलंबिया नदीचा बेसाल्ट ओतला गेला. म्हणजे लाव्हाचे पूर आणि सोने एकत्र येऊ शकतात की!

कोअरबॉक्स

बाळा, उत्तम प्रश्न. मला नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारला नाही.

बेसाल्टने सोने अडत नाही, हे तुझे बरोबर. पण नेवाडात बेसाल्टबरोबर रायोलाइटही (सिलिका जास्त असलेला ज्वालामुखीचा दगड) आला, म्हणजे उथळावर बराच काळ टिकणारी शेगडी. जमीन ताणली जाऊन खोल भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून गरम पाणी वारंवार फिरले. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकावर एक पसरले, सह्याद्रीत दोन किलोमीटर जाडीचे. प्रत्येक थर वरून निवत गेला. नंतर त्यांत पाणी फिरले, पण मंद आणि कोमट, त्यात गंधक फारसे नाही. त्याने पोकळ्यांत कॅल्साइट आणि स्टिलबाइट-स्कोलेसाइटच्या जातीचे झिओलाइट भरले. दगडवेडींचे वैभव त्याच पाण्याचे. झिओलाइट दिसला की मी समजतो, इथे २५० अंश नव्हते.

रायोलाइट दख्खनच्या कडेला आहे, मुंबईत, पावागडला, सौराष्ट्रात. तुला प्रबंधाला विषय हवा असेल तर तिकडे जा, नाशिकला नको.

तलाठीबुवा

मग कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण? तेही ज्वालामुखीचेच खडक म्हणतात.

कोअरबॉक्स

खडक ज्वालामुखीचे, पण अडीच अब्ज वर्षांहून जुने, आणि सोने आले ते खोलवर, डोंगर दाबले जाताना. म्हणून कोलारची खाण तीन किलोमीटरच्या खाली जाऊ शकली. २००१ मध्ये बंद झाली. एपिथर्मल शीर एवढी खोल जात नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या विदर्भात, साकोली पट्ट्यातल्या जुन्या खडकांत. कायद्यात २०२३ मध्ये बदल होऊन सोन्याचांदीसाठी नुसत्या अन्वेषणाचा वेगळा परवाना आला, तेव्हा तिकडे हालचाल होऊ शकते.

मुसळगावकर

अपडेट. पत्रक पुन्हा वाचले. 'खरी जाडी ठरलेली नाही' असे सापडले, सातव्या पानावर. शेजारचा बोअर ६० मीटरवर आहे, त्याचा निकाल तक्त्यात नुसता 'लक्षणीय नाही'. उभा छेद नाही. ग्रुपवर टाकले. दोघांनी पैसे थांबवले. तिसरे म्हणाले, जावयाचा शब्द मोडता येत नाही.

आता विहीर. कोअरबॉक्स साहेब, तुम्ही कॅल्साइट हे उकळण्याचे लक्षण म्हणालात, म्हणून मी फोटो टाकण्याआधी स्वतःच प्रयोग केला. पांढऱ्या शिरेवर सुरीने ओरखडा उठला. गारगोटीवर उठत नाही ना? चुरा करून त्यावर लिंबू पिळले, बारीक फेस आला. म्हणजे कॅल्साइटच! मग इथे पाणी उकळले होते का?

कोअरबॉक्स

प्रयोग शंभर टक्के बरोबर, कॅल्साइटच. पण मी म्हटले होते पातळ पाती, एकमेकांना छेदणारी, विस्कटलेल्या पत्त्यांसारखी. फोटोत मला चौकोनी तिरपे तुकडे आणि मधाच्या रंगाचे जाड खडे दिसतायत. हे कोमट पाण्यात निवांत वाढलेले कॅल्साइट. पूर्वी रांगोळीला दळायचे त्यातलेच. चाटून बघा हवे तर.

टिवल्याबावल्या

लिंबू पिळून झालंय, वर थोडं मीठ टाका.

दगडवेडी

काका!! तिसऱ्या फोटोत डब्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या सुयांचा झुबका आहे, तो स्कोलेसाइट वाटतोय, आणि तो अख्खा आहे. त्याला लिंबू, आम्ल, काहीही लावू नका, खराब होईल. रविवारी येऊ का बघायला?

मुसळगावकर

ताई, या की. पण जरा उशीर झाला. खडे स्वच्छ दिसावेत म्हणून हिने काल रात्रीच अख्खा डबा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलाय.